आसन सोडून गेलेला आचार्य : इमाम गझाली

विद्या मिळविणे कठीण, मिळालेली विद्या जतन करणे त्याहून कठीण. आणि विद्येच्या योगाने लाभलेला मान पचविणे हे तर सर्वांत कठीण होय. मोठमोठे पंडित या तिसऱ्या पायरीवर येऊन थबकलेले दिसतात. सणाच्या या मंगल दिवशी वाचकांसमोर ज्याचे चरित्र ठेवावयाचे आहे, तो पुरुष दूरच्या देशातला, निराळ्या धर्माचा आणि नऊशे वर्षांपूर्वीचा आहे. परंतु त्याला पडलेला पेच प्रत्येक अध्यापकाच्या, प्रवचनकाराच्या आणि शास्त्र्याच्या दाराशी केव्हा ना केव्हा येतोच. त्याचे नाव अबू हामिद मुहम्मद अल्-गझाली.

इराणच्या ईशान्येस खोरासान प्रांतात तूस नावाचे नगर होते. तेथे सुमारे इ. स. १०५८ मध्ये गझाली यांचा जन्म झाला. वडील लोकर कातून सूत विकणारे, अक्षरशून्य, परंतु श्रद्धाळू. दिवसाचे काम आटोपले की ते धर्मशास्त्रज्ञांच्या आणि प्रवचनकारांच्या सभेत जाऊन बसत. आपल्या पोटी एक शास्त्रज्ञ आणि एक प्रवचनकार जन्मावा, अशी ईश्वराची करुणा भाकीत. पुढे थोरला मुहम्मद शास्त्रज्ञ झाला, धाकटा अहमद प्रवचनकार झाला. ते पाहावयास मात्र पिता उरला नाही. मरणसमयी त्यांनी दोन्ही मुले आणि गाठीची थोडी रक्कम एका सूफी मित्राच्या स्वाधीन केली. ती रक्कम संपली तेव्हा त्या निर्धन साधूने मुलांना प्रांजळपणे सांगितले, की आता मदरशात दाखल व्हा. तेथे विद्यार्थ्यांच्या अन्नाची सोय होते. विद्येच्या मंदिरात पहिले पाऊल पडले ते असे, पोटासाठी. ही गोष्ट गझाली यांनी कधी लपविली नाही.

तूस येथील अध्ययनानंतर ते जुर्जान येथे गेले. तेथून परतताना घडलेली एक कथा त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. वाटेत दरोडेखोरांनी सर्व सामान लुटले. गझाली त्यांच्या मागोमाग धावले आणि निदान टिपणांची थैली तरी परत द्यावी, अशी विनवणी करू लागले. नायक हसला. थैली गेल्याबरोबर ज्याची विद्या जाते त्याला विद्वान कसे म्हणावे, असा त्याचा टोला होता. टिपणे त्याने परत दिली. पण तो बोल गझाली यांच्या जिव्हारी लागला. पुढील तीन वर्षे त्यांनी ती टिपणे मुखोद्गत करण्यात घालविली.

नंतर ते निशापूर येथे इमाम अल्-जुवैनी यांच्या चरणांशी बसले. फिक्ह म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म यांपासून विवाह, वारसा, व्यापार आणि दंड यांपर्यंत मनुष्याच्या आचार-व्यवहाराचे नियम त्यात येतात. त्यात चार प्रमुख सुन्नी संप्रदाय असून गझाली शाफिई संप्रदायाचे. गुरू इ. स. १०८५ मध्ये निवर्तले, तेव्हा शिष्याचे नाव विद्वानांत गाजू लागले होते. सेल्जुक सुलतानाचा वजीर निजाम-उल्-मुल्क हा मोठा गुणग्राही. त्याने अनेक नगरांत निजामिया नावाची विद्यापीठे स्थापिली होती आणि वक्फ म्हणून दिलेल्या जमिनींच्या व दुकानांच्या उत्पन्नातून अध्यापकांचे वेतन व विद्यार्थ्यांचा निर्वाह चालविला होता. त्यांतील बगदादचे विद्यापीठ इ. स. १०६७ मध्ये सुरू झाले. तेथील प्रधान आचार्यपद म्हणजे धर्मशास्त्रज्ञाच्या कीर्तीचा कळस. इ. स. १०९१ मध्ये ते गझाली यांना मिळाले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेहतीस होते.

तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. खलिफाच्या दरबारात त्यांच्या शब्दाला वजन होते. अध्यापनातून उरलेल्या वेळात त्यांनी ग्रीक परंपरेचे तत्त्वज्ञान गुरूवाचून आत्मसात केले आणि मग त्याच्या वीस सिद्धांतांचे खंडन करणारा ‘तहाफुत अल्-फलासिफा’ हा ग्रंथ इ. स. १०९५ मध्ये पूर्ण केला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, या पुरुषाला आता मिळवावयाचे काही उरले नाही.

आणि नेमके त्याच वर्षी अंतरीचा बांध फुटला. इ. स. १०९२ मध्ये त्यांचा आश्रयदाता वजीर मारेकऱ्याच्या हातून मारला गेला होता. पाठोपाठ सुलतान मलिकशाहही गेला. वैभवाची नश्वरता डोळ्यांसमोर होती. गझाली स्वतःच्या अध्यापनाची झडती घेऊ लागले आणि त्यांना दिसून आले, की आपण शिकवितो ते ईश्वरासाठी नव्हे, मानासाठी आणि नावलौकिकासाठी. सकाळी निश्चय करावा, की हे सोडून निघावे. सायंकाळी वासनांनी त्या निश्चयाचा धुव्वा उडवावा. जुलै १०९५ पासून काही महिने हे द्वंद्व चालले. अखेर एके दिवशी पाठ सांगावयास बसले असता वाचाच बंद पडली. विद्यार्थ्यांसाठी एक शब्द उच्चारावा म्हटले तरी जीभ वळेना. अन्न-पाणी गळ्याखाली उतरेना. वैद्यांनी हात टेकले. रोगाचे मूळ हृदयात आहे, तेथे औषधाचा इलाज नाही, असे त्यांचे मत पडले.

तेव्हा गझाली ईश्वराला शरण गेले आणि आजवर अशक्य वाटणारा त्याग सुलभ झाला. मक्केच्या यात्रेस जातो, असे त्यांनी सांगितले. मनात मात्र बगदादला परतावयाचे नाही, हे ठरले होते. मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून उरलेले धन वाटून टाकले, बंधू अहमद यांना अध्यापनाच्या कामावर बसविले आणि नोव्हेंबर १०९५ मध्ये नगर सोडले. दमास्कसच्या मोठ्या मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवसभर चिंतनात बसत. पुढे जेरुसलेम. तेथून हेब्रॉन येथे इब्राहीम पैगंबरांच्या समाधीपाशी त्यांनी तीन व्रते घेतली : कोणा राज्यकर्त्याच्या दारी जाणार नाही, राज्यकर्त्याचे द्रव्य घेणार नाही आणि सभेत वादविवाद करणार नाही. त्यानंतर मक्का-मदिनेची यात्रा घडली. आणि मुलांच्या ओढीने ते शेवटी स्वदेशी परतले.

या एकांतवासातून ‘इह्या उलूम अद्-दीन’, म्हणजे धर्मविद्यांचे पुनरुज्जीवन, हा चाळीस प्रकरणांचा महाग्रंथ निर्माण झाला. उपासना, लोकव्यवहार, घातक दुर्गुण आणि तारक सद्गुण असे त्याचे चार भाग आहेत. पहिल्याच प्रकरणात त्यांनी आपल्या समव्यवसायी पंडितांना आरसा दाखविला आहे. कित्येक गावांत स्वधर्मीय वैद्य नाही, तरी वैद्यक कोणी शिकत नाही आणि धर्मशास्त्राकडे मात्र सर्वांची धाव. कारण वैद्यकाने वक्फांची व्यवस्था, अनाथांच्या धनावरील देखरेख किंवा काजीपद हाती येत नाही, हे त्यांचे निदान. असे लिहिणारा स्वतः त्या शास्त्राचा अग्रणी होता, म्हणून त्या शब्दांना धार आहे.

परंतु कथा येथे संपत नाही. इ. स. ११०६ मध्ये निजाम-उल्-मुल्कच्या पुत्राने, वजीर फख्र-उल्-मुल्कने, निशापूरच्या विद्यापीठात शिकविण्याचा आग्रह धरला. एकांत मोडावा, की आज्ञा मोडावी? लोकांच्या श्रद्धेला उतरती कळा लागली असता आपण केवळ स्वतःच्या शांतीसाठी कोपऱ्यात बसणे हाही आळसच नव्हे काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. आणि अकरा वर्षांनी ते पुन्हा आसनावर बसले. हे पूर्वीच्या मार्गाला परतणे आहे, असे त्यांना वाटले नाही. पूर्वी ज्या विद्येने मान मिळतो ती शिकविली, आता ज्या विद्येने मान सोडता येतो ती शिकवावयाची, असा त्यांचा भाव होता. तरीही आपला हेतू खरोखर शुद्ध आहे की नाही, याचा निर्वाळा त्यांनी स्वतः दिला नाही. तो ईश्वरावर सोपविला. हा प्रामाणिकपणाच त्यांच्या चरित्राचा गाभा आहे.

थोड्याच वर्षांत ते तूस येथे घरी आले. घराशेजारी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि साधकांसाठी मठ चालविला. धर्मशास्त्राची मूलतत्त्वे सांगणारा ‘अल्-मुस्तस्फा’ हा प्रौढ ग्रंथ इ. स. ११०९ मध्ये पूर्ण झाला. अर्थात शास्त्र त्यांनी टाकले नव्हते, शास्त्राचा अभिमान तेवढा टाकला होता. बगदादच्या आचार्यपदाचे बोलावणे पुन्हा आले, ते त्यांनी नम्रपणे नाकारले. डिसेंबर ११११ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्या दिवशी पहाटेची प्रार्थना आटोपून त्यांनी स्वतःच कफन मागविले, डोळ्यांना लावले आणि शांतपणे देह ठेवला, असे सांगतात.

पोटासाठी आरंभिलेली विद्या कीर्तीच्या वाटेने गेली आणि ईश्वरापाशी पोचली. मधल्या मुक्कामालाच घर समजण्याचा मोह ज्याला ओळखता आला, त्याची वाचा काही काळ गेली तरी विद्या गेली नाही. आपल्या मुखातून निघणारा शब्द कोणासाठी निघतो, हे वक्त्याने आणि तो कशासाठी ऐकतो, हे श्रोत्याने आजच्या दिवशी एकदा तपासून पाहावे, एवढाच या चरित्राचा प्रसाद.