कॅपी, पाच मुलं आणि एक बोट

1926 साल. कॅनडाचा पश्चिम किनारा. व्हँकूव्हर बेटावर सिडनी नावाचं एक गाव आहे (ऑस्ट्रेलियातलं नव्हे, हे वेगळं). तिथून एक माणूस एकटाच आपली मोटरबोट घेऊन बाहेर पडला आणि परत आला नाही. बोट जवळच्याच एका बेटापाशी सापडली, पण तो नाही. पोहायला उतरला असावा आणि बुडाला असावा, असं धरलं गेलं.

घरी बायको होती. वय पस्तीस. पाच मुलं, त्यातला धाकटा अगदीच लहान.

आता विचार करा, आपल्याकडे अशी बोट घरात राहिली असती का? पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मामा-काका येऊन ती विकून टाकली असती. या बाईने काय केलं? पुढचा उन्हाळा आला तेव्हा तिने राहतं घर भाड्याने दिलं, पाचही मुलांना त्याच बोटीत बसवलं आणि किनाऱ्याने उत्तरेकडे निघाली.

तिचं नाव म्युरिएल वायली ब्लँशे. जवळचे लोक तिला कॅपी म्हणत, म्हणजे कॅप्टनचं लाडकं रूप. आज त्या किनाऱ्यावर बोट घेऊन फिरणारा माणूस तिला ओळखत नाही असं सहसा होत नाही. नकाशा आणि भरती-ओहोटीच्या तक्त्याबरोबर तिचं ‘द कर्व्ह ऑफ टाइम’ हे पुस्तकही बोटीत असतंच. आपल्याकडे मात्र तिचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून हा लेख.

जन्म 1891 चा, माँट्रियलजवळचा. अभ्यासात हुशार, पण 1909 मध्ये अठराव्या वर्षीच लग्न झालं. नवरा जेफ्री बँकेत होता. पुढे तब्येतीमुळे त्याने नोकरी सोडली आणि हे कुटुंब गाडीत सामान भरून पश्चिमेकडे आलं. सिडनीजवळ समुद्राकाठी रिकामं पडलेलं एक घर त्यांना आवडलं आणि ते तिथेच राहिले. घर पाण्याला लागून म्हटल्यावर बोट आलीच. सहाशे डॉलरला घेतलेल्या त्या बोटीचं नाव होतं कॅप्रिस. म्हणजे लहर!

मोटर यॉट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरीशुभ्र, तीन मजली, गॉगल लावलेल्या पाहुण्यांची बोट येते. कॅप्रिस 25 फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद होती. एसटी बसपेक्षा आखूड आणि तिच्यापेक्षा अरुंद. त्यात सहा माणसं, कधी कधी एक कुत्रा, स्टोव्ह, पांघरुणं आणि महिन्यांचं रेशन. कपडे मोजकेच. हॉस्टेलच्या खोलीत तिघं राहताना आपली काय भांडणं होतात ते आठवा आणि मग हा हिशेब करा. जमेल तेव्हा ते किनाऱ्यावर उतरून शेकोटी करत आणि तिथेच झोपत. मुलांची शाळासुद्धा घरीच, आई हीच शिक्षक. इंजिन बिघडलं तर मेकॅनिक कोण? तीच. इंजिन उघडून पुन्हा जोडायला ती स्वतःच शिकली, कारण जिथे ती जात होती तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

जात कुठे होती, ते सांगायला हवं. व्हँकूव्हर बेट आणि कॅनडाची मुख्य भूमी यांच्यामध्ये समुद्राचा एक लांबलचक पट्टा आहे. त्यात असंख्य बेटं, आणि मुख्य भूमीत आत आत शिरलेल्या खाड्या. आपल्या कोकणातल्या खाड्यांसारख्या नाहीत. या हिमनद्यांनी कोरलेल्या, दोन्ही बाजूंना सरळसोट डोंगर, आणि पाणी इतकं खोल की काठापासून दोन बोटींच्या अंतरावर नांगर टाकला तरी तो तळाला लागायचा नाही. मी आयुष्यात गेटवे ते मांडवा या लाँचपलीकडे बोटीत बसलेली नाही, त्यामुळे नांगर म्हणजे टाकला की झालं, असंच मला वाटायचं. तसं नसतं. दोरी पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट सोडावी लागते, तर तो नीट रुततो. एवढी दोरी सोडली की बोट वाऱ्याबरोबर मोठ्या वर्तुळात फिरते, आणि जागा चिंचोळी असेल तर खडकावर जाते. म्हणून तिथले लोक पुढून नांगर टाकतात आणि मागून एक दोर काठावरच्या झाडाला बांधतात. रात्री ओहोटी लागली की पाणी खाली जातं, त्याचाही हिशेब आधीच करायचा. मुंबईत साडेचार मीटरची भरती आली की टीव्हीवर बातमी होते. त्या किनाऱ्यावर तेवढी चढ-उतार नेहमीचीच.

खरी भीती मात्र अरुंद वाटांची. भरतीचं सगळं पाणी चिंचोळ्या फटीतून आत घुसतं आणि सहा तासांनी बाहेर पडतं. प्रिन्सेस लुइसा नावाच्या खाडीच्या तोंडाशी मालिबू रॅपिड्स आहेत, तिथे पाण्याचा वेग 9 नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी 16 किलोमीटरच्या पुढे. समुद्रात अशी नदी वाहते! छोट्या इंजिनाची बोट त्यात शिरली तर सुकाणू फिरवून काही उपयोग नसतो. भरती संपून ओहोटी सुरू व्हायच्या मध्ये पाणी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यात पलीकडे जायचं. चुकलात तर पुढचे सहा तास वाट बघा. एक आई, मागे पाच मुलं, हातात तक्ता आणि घड्याळ. हे तिने एकदा नाही, वर्षानुवर्षं केलं.

बरोबर तिने एक जुना सोबतीही घेतला होता. 1792 मध्ये याच खाड्यांतून होड्या वल्हवत गेलेल्या कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरची रोजनिशी. त्याने कुठे काय पाहिलं आणि कुठे तो चुकला, हे ती त्याच जागी थांबून पडताळायची. प्रिन्सेस लुइसाच्या तोंडापाशी तो आला होता, पण आत न शिरताच परत गेला. ती मात्र आत गेली. आत दोन्हीकडे दोन हजार मीटरच्या वर चढत गेलेले डोंगर, आणि टोकाला चॅटरबॉक्स नावाचा धबधबा. म्हणजे बडबड्या.

त्या धबधब्यापाशी तेव्हा एक माणूस ओंडक्यांचं घर बांधत होता. जेम्स मॅकडोनाल्ड. त्याने ती जागा 1927 मध्ये घेतली होती. आजूबाजूला मैलोन्‌मैल कुणी नाही, त्यामुळे अशा ठिकाणी दोन बोटी शेजारी लागल्या की ओळख व्हायला वेळ लागत नसे. कॅपीच्या लिहिण्यात अशी माणसं वारंवार भेटतात, आणि मला वाटतं पुस्तकाचा सगळ्यात चांगला भाग तोच आहे. डेसोलेशन साउंडमध्ये मेलनी कोव्हला माइक नावाचा म्हातारा लाकूडतोड्या राहायचा. तरुणपणी मारामाऱ्या केलेला, आणि उतारवयात डोंगरउतारावर सफरचंदाची झाडं लावून मार्कस ऑरेलियस वाचत बसलेला. शेजारच्या खाडीत फिल नावाचा फ्रेंच माणूस. दर उन्हाळ्यात कॅप्रिस यायची, गप्पा व्हायच्या, मुलांना सफरचंदं मिळायची. मग एका उन्हाळ्यात ते गेले, तर माइक नव्हता.

आता एक गोष्ट मला खटकते, ती लिहायलाच हवी. उत्तरेला क्वाक्वाका’वाक्व या मूळ रहिवाशांची गावं होती. उन्हाळ्यात लोक मासेमारीला आणि मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत कामाला जायचे, गावं रिकामी असायची. कॅपी मुलांना घेऊन त्या घरांमध्ये शिरायची, टोटेम खांब बघायची, झाडांवर ठेवलेल्या मृतांच्या पेट्यांपर्यंतसुद्धा गेली. तिला त्या लोकांच्या जुन्या जगाबद्दल मनापासून कुतूहल होतं, हे वाचताना कळतं. पण घरमालक नसताना घरात शिरणं ते शिरणंच. त्याच काळात कॅनडाच्या सरकारने या समाजाच्या पॉटलॅच या सोहळ्यावर कायद्याने बंदी घातलेली होती. ती 1951 पर्यंत टिकली. म्हणजे गावं गप्प होती याचं कारण फक्त मासेमारी नव्हतं. हे तिच्या पुस्तकात हवं तेवढं येत नाही. आजचे तिकडचे वाचक तिच्यावर प्रेम करतात आणि या पानांवर अडतातही. मीही अडले.

पैशांचं काय? घराचं भाडं आणि लिखाण. तिने मासिकांसाठी लेख लिहिले, त्यातले काही एडिंबरोच्या ‘ब्लॅकवुड्स’मध्ये आले. त्यांतूनच पुढे पुस्तक तयार झालं. नावामागची कल्पना मेटरलिंक या लेखकाकडून आलेली. काळ ही एक कमान आहे असं समजा. तिच्या अगदी वरच्या टोकाला उभं राहिलात तर मागचं, आत्ताचं आणि पुढचं एकाच वेळी दिसतं. म्हणून पुस्तकात साल नाही. कितीतरी उन्हाळे एकमेकांत मिसळले आहेत. मुलं एका पानावर लहान, पुढच्या पानावर मोठी, आणि परत लहान. पहिल्यांदा वाचताना माझा गोंधळ उडाला, मग सवय झाली.

आणि आणखी एक. मी पूर्ण पुस्तकभर नवऱ्याला शोधत राहिले. ज्या बोटीवरून तो गेला, त्या बोटीबद्दल दोनशेच्या वर पानं, पण त्याच्या जाण्याची गोष्ट त्यात नाही. दुःख लपवलं म्हणावं, की तिला ते सांगायचंच नव्हतं? माझ्या मैत्रिणीचं म्हणणं, पाच मुलं बोटीत असताना रडायला जागा कुठे होती. मला ते पटतं, आणि पुरेसं वाटतही नाही.

मुलं मोठी झाली, एकेक करून बोटीतून उतरली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने कॅप्रिस विकली. पुढे व्हिक्टोरियातल्या एका गोदीत आग लागली, त्यात ती जळाली. कॅपी मात्र त्याच समुद्राकाठच्या जागी राहिली, एकटी.

मॅकडोनाल्डने 1953 मध्ये धबधब्याजवळची ती जमीन बोटीवाल्यांच्या संस्थेच्या हवाली केली. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या कुणीही यावं, नांगर टाकावा, राहावं, एवढीच इच्छा. 1965 मध्ये तिथे सागरी उद्यान झालं. आज उन्हाळ्यात चॅटरबॉक्सच्या धक्क्याला बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. माइकच्या मेलनी कोव्हमध्येही झाडांना बांधलेल्या दोरांची रांग दिसते.

‘द कर्व्ह ऑफ टाइम’ 1961 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस कॅपी गेली. वय सत्तर. ती पुढचं पुस्तक लिहीत होती आणि टाइपरायटरवरच कोसळलेली सापडली.