भावनेचा तर्क : बा. सी. मर्ढेकर यांचे जीवित आणि विचार

मराठी समीक्षेत भावना हा शब्द दीर्घकाळ विचाराच्या विरोधी अर्थाने वापरला गेला. विचार दिशा देतो आणि भावना केवळ वेग देते, अशी ही समजूत होती. बाळ सीताराम मर्ढेकर यांनी आपल्या सौंदर्यविचारात तिला निर्णायक छेद दिला. त्यांच्या काव्यावर मात्र दुर्बोधतेचे आणि बौद्धिकतेचे आक्षेप घेतले गेले. हा विरोधाभास समजून घ्यावयाचा, तर त्यांचे जीवित आणि त्यांचा सिद्धान्त एकत्र पाहणे आवश्यक ठरते.

मर्ढेकरांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशातील फैजपूर येथे झाला. घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील मर्ढे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते आय. सी. एस. परीक्षेसाठी इंग्लंडला गेले. परीक्षेत यश आले नाही. परंतु तेथील वास्तव्यात आधुनिक इंग्रजी काव्याचा आणि कलाविचाराचा निकट परिचय घडला. त्याचे फलित म्हणजे १९३७ साली प्रसिद्ध झालेला ‘आर्ट्‌स अँड मॅन’ हा इंग्रजी ग्रंथ. परत आल्यावर त्यांनी मुंबईत काही काळ वृत्तपत्रात काम केले, एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन केले आणि पुढे आकाशवाणीची नोकरी पत्करली. ती अखेरपर्यंत टिकली.

‘शिशिरागम’ (१९३९) हा त्यांचा पहिला संग्रह विफल प्रीतीच्या व्यथेने भरलेला असून त्याचे वळण पूर्वसूरींच्या काव्याशी जुळणारे आहे. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी भावनेच्या स्वरूपाचाच शोध आरंभिला. ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) या पुस्तकात त्यांनी लेखनगर्भ आत्मनिष्ठेची कल्पना मांडली. लेखकाने लेखनापूर्वी किती उत्कटतेने अनुभवले, याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हते. प्रत्यक्ष लेखनाच्या घडणीत तो अनुभवाशी किती प्रामाणिक राहतो, हे महत्त्वाचे होते. पाठोपाठ आलेल्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीत त्यांनी संज्ञाप्रवाहाचे तंत्र योजले. घटनांचा कालक्रम येथे दुय्यम ठरतो. एका आठवणीतून दुसरी का उद्‌भवते, याचे उत्तर कार्यकारणात न सापडता त्या दोहोंना व्यापणाऱ्या भाववृत्तीत सापडते.

हेच सूत्र भावनानिष्ठ समतानतेच्या तत्त्वात सिद्धान्तरूप घेते. दोन वस्तूंमध्ये बाह्य साम्य नसतानाही त्या मनात समान भावना जागवीत असतील, तर कवी त्यांना एकत्र आणतो; प्रतिमेची उपपत्ती या समतानतेत असते. पिंपातील मृत उंदरांची त्यांची कविता या दृष्टीने पाहावी. उंदीर आणि महानगरातील माणूस यांची सांगड तर्काने बसत नाही. लादलेले जगणे आणि लादलेले मरण यांविषयीची एकच विषण्णता दोहोंना व्यापते, म्हणून ती बसते. बिडी ओढत माडी बांधण्याचे स्वप्न पाहणारा आणि ते मनात ठेवूनच मरणारा त्यांचा गणपत वाणीही असाच आहे. त्याचे वर्तन व्यवहाराच्या हिशेबाने निरर्थक वाटते. त्याच्या अपुऱ्या इच्छेच्या अंगाने पाहिले की ते पूर्णपणे उलगडते. गिरण्यांच्या आणि लोकलगाड्यांच्या या शहरात माणसाचे यंत्र होत असल्याची जाणीव त्यांच्या काव्यात तीव्र आहे. पण यंत्रयुगावरील त्यांचा मूळ आक्षेप भावना बधिर होण्याविषयी आहे.

‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेच्या आरोपावरून खटला भरण्यात आला. त्यातून त्यांची निर्दोष मुक्तता झाली, तरी या प्रकरणाने दीर्घकाळ मनस्ताप दिला. या खटल्यामागे भावनेविषयीची एक विशिष्ट कल्पना होती, हे लक्षात घेतले पाहिजे. सुटा शब्द सुटी भावना चाळवितो, असे आरोपात गृहीत होते. मर्ढेकरांच्या विचारानुसार साहित्याचे माध्यम म्हणजे भावनात्मक अर्थ. आणि त्या अर्थांचे मोल संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी बांधलेल्या संपूर्ण रचनेत ठरते.

गिरगावातील मौज प्रकाशनाने १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात हा विचार एकत्रितपणे आला. २० मार्च १९५६ रोजी दिल्ली येथे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मर्ढेकरांचे निधन झाले. त्याच वर्षाचा साहित्य अकादमी पुरस्कार या ग्रंथास मिळाला.

या सिद्धान्तात एक ताण शिल्लक राहतो. सौंदर्यभावना ही जीवनातील इतर भावनांहून स्वरूपतः वेगळी आहे, असा मर्ढेकरांचा आग्रह होता. आणि साहित्याचे द्रव्य म्हणून ते ज्या भावनात्मक अर्थांकडे बोट दाखवितात, ते मात्र जीवनातूनच आलेले असतात. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांचा जो विचार केला, त्याच्या प्रकाशात ही अडचण अधिक स्पष्ट होते. तथापि ती केवळ दोष म्हणून नोंदविणे अपुरे ठरेल. मर्ढेकरांच्या सिद्धान्ताने जी भिंत उभारली, ती त्यांच्या कवितेने वारंवार ओलांडली. वाण्याच्या अपुऱ्या स्वप्नाविषयीची करुणा ही लौकिकच करुणा आहे. म्हणून त्यांचा सिद्धान्त त्यांच्या कवितेला मापदंड म्हणून लावण्याची वर्गातील प्रथा तपासून पाहावयास हवी. माणूस असा विचार का करतो, असा का वागतो, या प्रश्नांचे उत्तर भावनेच्या अंगाने शोधण्याची दिशा मर्ढेकरांच्या सिद्धान्ताने दाखविली. त्या दिशेने अधिक दूरवर गेली ती त्यांची कविता.