सलीम अली : अंगणातल्या पाखरांनी घडवलेला शास्त्रज्ञ

पावसाळा सुरू झाला की परभणी जिल्ह्यात विहिरीकाठच्या बाभळींवर सुगरणींची घरटी लोंबकळू लागतात. चोचीत हिरवा धागा धरून पाखरू ये-जा करत राहते आणि पाहणाऱ्याचा अर्धा तास कधी सरला ते कळत नाही. असे निवांत पाहणे हेच सलीम अली यांच्या संशोधनाचे मुख्य साधन होते.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. तिसऱ्या वर्षापर्यंत आई-वडील दोघेही गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी त्यांना वाढवले. लहानपणापासून डोकेदुखीने त्यांचा पिच्छा पुरवला. शाळा वारंवार बुडे. कोरडी हवा मानवेल म्हणून त्यांना सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. १९१३ मध्ये ते जेमतेम मॅट्रिक झाले.

पाखरांचा नाद मात्र आधीच लागला होता. दहाएक वर्षांच्या सलीमने घरच्या तबेल्यात चिमणीचे घरटे पाहिले. घरट्याशी राखण करणारा चिमणा त्याने छर्‍याच्या बंदुकीने टिपला. थोड्याच वेळात दुसरा चिमणा त्याच्या जागी हजर! आठवडाभरात असे आठ नर टिपले गेले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. आज असे करणे कुणालाही रुचणार नाही. पण मुलाने पाहिले तेवढेच वहीत लिहून ठेवले होते. ती नोंद साठेक वर्षांनी छापून आली.

पुढे गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक निराळी चिमणी सापडली. ती ओळखून घेण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. सचिव मिलर्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. तिथून दिशा ठरली.

तरीही पोट भरण्याची चिंता सुटली नाही. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात त्यांना नोकरी मिळाली होती. पुढील शिक्षणासाठी ते बर्लिनला गेले. १९३० मध्ये परतले तेव्हा पैशांअभावी ते पदच रद्द झालेले. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. हाताशी वेळ भरपूर होता आणि घराजवळ सुगरणींची वसाहत होती. त्यांनी रोज तिचे निरीक्षण सुरू केले.

सुगरण या नावावरून घर बांधणारी मादी असावी असे वाटते. प्रत्यक्षात विणकाम नराचे. तो घरटे अर्धे बांधतो, मग माद्या येऊन ते तपासतात. एखादीला पसंत पडले की जोडी जमते आणि नर उरलेले काम पुरे करतो. मादी अंड्यांवर बसली की तो दुसरे घरटे बांधायला घेतो आणि दुसरी मादी मिळवतो. नराचा हा क्रमाक्रमाने चालणारा बहुपत्नी संसार सलीम अलींनी उलगडून दाखवला. बेकारीच्या त्या दिवसांतल्या कामाने त्यांचे नाव झाले.

लगेच १९३१ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. परभणीसह सारा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. पगार नको, खर्च द्या, एवढीच त्यांची अट. मोहिमेत तेहमिनाही सोबत होत्या. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. तो घाव मोठा होता; पण सलीम अलींनी काम थांबवले नाही. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले आणि सामान्य माणसालाही पाखरे ओळखता येऊ लागली. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांची ही रीत आजही कुणाच्याही घरी चालते. जास्वंदीवरचा शिंजीर, पाने शिवून घरटे करणारा शिंपी, पहाटे गाणारा दयाळ यांना पाहायला दुर्बीणही लागत नाही. रोज एकच जागा, एकच वेळ धरावी. घरट्याजवळ जाऊ नये, सावलीत उथळ पाणी ठेवावे आणि दिसले तेवढेच तारखेसह वहीत लिहावे. महिनाभरात ओळखीचे वाटणारे पाखरूही काहीतरी नवे दाखवू लागते.