सेनापतीण उमाबाई दाभाडे

आपल्या संतपूर पंचक्रोशीतील भाविकांस तुळजापूरची वाट नित्याची आहे. परंतु नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडाची यात्रा ज्यांस घडते, त्यांनी तेथील पायऱ्या बांधविणाऱ्या साध्वीचे स्मरण अवश्य करावे.

उमाबाई ह्या गडाजवळच्या अभोणे गावच्या ठोके घराण्यातील कन्या, व मराठ्यांचे सेनापती खंडेराव दाभाडे ह्यांच्या पत्नी. उंच कड्याच्या कपारीत अष्टादशभुजा जगदंबा विराजमान असून, तेथवर पोचणे अत्यंत बिकट होते. उमाबाईंनी अठराव्या शतकात तो कातळ फोडवून पायऱ्या करविल्या, व सामान्य भाविकांस मातेचे द्वार मोकळे झाले.

त्यांच्या स्वतःच्या वाट्यास मात्र खडतर वाटच आली. इ. स. १७२९ मध्ये पती निवर्तले. १७३१ मध्ये पुत्र त्र्यंबकराव डभईच्या रणात पडले, आणि तेही पेशवे बाजीरावांशी लढताना, स्वकीयांच्याच हातून! तरीही पुत्र यशवंतराव अल्पवयीन असल्यामुळे सेनापतिपदाचा भार बाईंनी उचलला. १७३२ मध्ये डाकोरास पिलाजीराव गायकवाडांची हत्या होताच त्या स्वतः सैन्यासह अहमदाबादेवर चालून गेल्या. पुढे ताराबाईंचा पक्ष घेतल्यामुळे १७५१ मध्ये पेशव्यांची कैद त्यांच्या नशिबी आली. १७५३ मध्ये त्यांचा देहान्त झाला.

गुजरातची सत्ता गेली, सेनापतिपदाचे वैभवही ओसरले. देवीचरणी वाहिलेल्या पायऱ्या तेवढ्या उरल्या. २०१८ पासून गडावर विद्युत्-गाडीची सोय झाली आहे; तथापि ज्याच्या पायांत बळ आहे, त्याने एकवार तरी त्या पायऱ्यांनीच चढावे.