प्लेगच्या सालीं पंडिता रमाबाई

वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांतून जातांना रस्त्याच्या कडेला उभे असलेले दगडी क्रूस आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. त्यांतील कांहीं प्लेगच्या दिवसांत उभारलेले आहेत. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस ह्यांनीं हा रोग ओळखला, आणि पुढें थोड्याच महिन्यांत लाखों लोक शहर सोडून उपनगरांत, कोंकणांत व घाटावर पळाले. त्यांच्या मागोमाग रोगही गेला. ज्या घरीं आईबाप दोघेही गेले, त्या घरच्या लेकरांचें काय झालें हें कोणत्याही दगडावर कोरलेलें नाहीं. त्या काळीं पोरक्या मुलींस ज्यांनीं पोटाशीं धरिलें, त्यांत पंडिता रमाबाईंचें नांव आम्ही प्रथम घेतों. कारण त्या स्वतः तशाच पोरक्या झाल्या होत्या.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें म्हणून लोकांचा रोष सोसला, आणि त्या माउलीनें, लक्ष्मीबाईंनीं, तेंच धन मुलीच्या पदरीं घातलें. कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत फिरत असे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला. शिल्लक संपली, भांडीं विकलीं, आणि मजुरी करण्याची तर कोणास संवय नव्हती. आधीं वडील गेले, मागून आई गेली. पुढें थोरली बहीण कृष्णाबाई पटकीनें गेली. आईचें प्रेत उचलण्यास पुरेसे ब्राह्मण मिळेनात. दोघे कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या रमाबाई. त्या उंचीनें लहान. तिरडीचा दांडा खांद्यावर घेतां येईना, म्हणून तो डोक्यावर घेऊन सोळा वर्षांची ती मुलगी सुमारें तीन मैल चालली.

पुढची हकीकत वाचकांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. भावाबहिणींनीं पायीं हिंदुस्थान पालथा घातला. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं रमाबाईंस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशीं विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत त्यांनाही पटकीनेंच नेलें. कडेवरची मनोरमा तेव्हां वर्षाची सुद्धां नव्हती. १८८३ सालीं विलायतेंत मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तेथून अमेरिका, आणि परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन. पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें.

आतां मूळ गोष्टीकडे येऊं. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील मुलींचे हाल ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. दुष्काळ एकटा येत नसतो. उपाशी माणसें मदतीच्या छावण्यांत दाटीनें राहतात, मिळेल तें पाणी पितात, आणि भुकेंतून जीं वांचलीं त्यांना हगवण व पटकी गांठते. म्हणून त्या मुलींपैकीं कोणाचे आईबाप भुकेनें गेले व कोणाचे रोगानें, हें वेगळें करणें कठीण. रमाबाईंना तें विचारण्याची गरजही नव्हती. सुमारें ३०० जणींना त्यांनीं आणलें.

पण आणावें कोठें? पुण्यांत प्लेग शिरला होता. हा रोग उंदरांवरच्या पिसवांमुळें पसरतो हें सिमों नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं दाखविलें. त्याआधीं सरकारी अधिकारी उंदरांऐवजीं माणसांच्याच मागें लागत. घरांत शिरणें, सामान जाळणें, संशयितांना छावणींत नेणें, असें चाललें होतें. सदनांत नव्या मुली ठेवूं नयेत असा हुकूम रमाबाईंस झाला. तेव्हां पुण्यापासून सुमारें चाळीस मैलांवर, सोलापूरच्या रेल्वे रस्त्यावरील केडगांव येथें त्यांची शेतजमीन होती, तिकडे हा तांडा गेला. मुक्तिसदन आधींपासून योजून बांधलेलें असावें अशी कित्येकांची समजूत आहे, ती बरोबर नाहीं. अमेरिकेंतून मिळणाऱ्या मदतीची मुदत दहाच वर्षांची, ती सरल्यावर सदनाचा खर्च चालावा म्हणून फळबागेसाठीं ती जमीन घेतली होती. झाडांच्या जागीं मुली आल्या. आरंभीं पक्कीं घरें नव्हतीं. तंबूंत व गवताच्या झोपड्यांतच संसार सुरू झाला.

ह्याच वर्षींची आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज आमच्यानें पुढें जाववत नाहीं. सदनांतील एक मुलगी प्लेगच्या संशयावरून सरकारी व्यवस्थेंत नेली गेली, आणि ती रमाबाईंना परत मिळाली नाहीं. ती वाईट हातीं पडल्याचें त्यांस कळलें. गप्प राहणें सोपें होतें. गोऱ्या लोकांच्या मदतीवर संस्था चालत होती, आणि पुण्याच्या पुढाऱ्यांचा आधार आधींच तुटला होता. तरी १८९७ च्या मे महिन्यांत ‘बॉम्बे गार्डियन’ ह्या ख्रिस्ती साप्ताहिकांत त्यांनीं पत्र छापून प्लेगच्या इस्पितळाचा कारभार उघड केला. प्रकरण पार्लमेंटापर्यंत गेलें. मुंबई सरकारनें आरोप नाकारला, पण रमाबाईंनीं आपला शब्द मागें घेतला नाहीं. शेंकडों मुली हाताशीं असतां एकीसाठीं इतकें कां, असें कोणी म्हणेल. ज्या बाईनें आईची तिरडी डोक्यावर वाहिली, तिला एक आणि शंभर हा हिशेब सुचला नसावा, असें आम्हांस वाटतें.

१८९९–१९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी मुली आल्या, आणि केडगांवची वस्ती जवळजवळ दोन हजारांवर गेली. विहिरी खणल्या. शेती, विणकाम, दूधदुभतें, तेलाचा घाणा, छापखाना, सर्व कामें मुलीच करूं लागल्या. थोरलीनें धाकटीला सांभाळावें, तिची वेणी घालावी, तिला अक्षरें शिकवावीं, अशी रीत पडली. मनोरमाबाईंनीं आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास शिकविलें.

ह्या मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजीं, आईच्या आधीं, वारल्या. त्या वेळीं रमाबाईंचें शरीर थकलें होतें, तरी मराठी बायबलाच्या भाषांतराचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथेंच त्यांचा अंत झाला. मुक्ति मिशन आजही तेथें चालू आहे, आणि निराधार मुली आजही तेथें येतात.