क्लॅरेन्स बर्ड्सआय : गोठवायची घाई असलेला माणूस

मेसची भाजी ताटात पडली की घर आठवत नाही असा माणूस आपल्या होस्टेलमध्ये शोधूनही सापडायचा नाही! माझं घर बुलडाणा जिल्ह्यात, पैनगंगेकाठच्या मेहकरला. आई शिक्षिका. सकाळी साडेनऊला तिला घर सोडावं लागतं. म्हणून रविवारी बसून ती आठवड्याचं वाटण करून फ्रीजरमध्ये ठेवते. थंडीत तुरीच्या शेंगा सोलून सोलेही ठेवते. का, तर पोरगा मे महिन्यात परीक्षा देऊन येईल तेव्हा त्याला सोलेभात मिळावा.

गेल्या मे महिन्यात डबा उघडला तर सोल्यांचा एकच दगड! तो सुटायला दुपार गेली आणि शिजवल्यावर सगळा लगदा. आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा पडला. शाळेतून आल्यावर रात्री बसून सोललेले सोले होते ते. इंजिनिअरिंगचा मुलगा घरात असून त्याला कारण सांगता येऊ नये, हे मलाच लागलं. कारण शोधता शोधता ज्या माणसाची ओळख झाली, त्याची ही गोष्ट.

क्लॅरेन्स बर्ड्सआयचा जन्म ९ डिसेंबर १८८६ रोजी अमेरिकेत ब्रुकलिनला झाला. लहानपणापासून प्राण्यांचं वेड. अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजात असताना पैशांची ओढाताण, तेव्हा या पठ्ठ्याने जिवंत बेडूक पकडून प्राणिसंग्रहालयाला सापांच्या खाद्यासाठी विकले! तरीही पैसे पुरले नाहीत आणि शिक्षण अर्धवट सुटलं. पदवी नाही, पण जे दिसेल त्याचं कारण शोधायची सवय मात्र पक्की होती.

१९१२ मध्ये तो कॅनडाच्या लॅब्राडोर भागात गेला आणि तिथे कोल्ह्याच्या कातड्यांच्या व्यापारात पडला. थंडी कसली, तर उणे ४० अंशांपर्यंत! (सेल्सिअस की फॅरनहाइट असं विचारू नका, उणे ४० ला दोन्ही सारखेच.) तिथले इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे काढायचे. मासा वर आला की वाऱ्यात बघता बघता गोठून जायचा. काही महिन्यांनी शिजवला तरी चव ताज्यासारखी. ही गोष्ट तिथल्या पोराटोरांनाही माहीत होती. बर्ड्सआयने एवढंच विचारलं की असं का होतं? कडाक्याच्या थंडीत गोठलेला मासा चांगला लागतो आणि कमी थंडीत गोठलेला पिचपिचीत होतो, हेही त्याच्या ध्यानात आलं.

उत्तर होतं वेगात. पाणी सावकाश गोठलं तर बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात. ते पेशींच्या भिंती फोडतात, आणि पदार्थ सुटला की आतलं पाणी बाहेर वाहून जातं. झटपट गोठलं तर स्फटिक बारीक राहतात आणि पेशी बऱ्याच शाबूत राहतात. आमच्या सोल्यांचा लगदा का झाला, ते मला इथे कळलं!

१९१५ मध्ये त्याचं एलेनॉरशी लग्न झालं. पुढच्या वर्षी तान्ह्या मुलाला घेऊन दोघं लॅब्राडोरला राहायला गेले. बायको-मुलाला हिवाळाभर नीट खायला घालायचं तर भाजी आणायची कुठून? बोटीने आलेली कोबी मिठाच्या पाण्यात गोठवून ठेवायचे प्रयोग त्याने घरातच केले. म्हणजे एवढ्या मोठ्या उद्योगाची सुरुवात आमच्या आईच्याच चिंतेतून झाली म्हणायची.

१९१७ मध्ये तो अमेरिकेत परतला. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला गोठवलेल्या माशांची कंपनी काढली. ती पुढच्याच वर्षी बुडाली. दुसरा कोणी असता तर नोकरी धरून बसला असता. हा ग्लॉस्टर या मासेमारीच्या गावी गेला आणि नव्याने मांडामांड केली. खोक्यात भरलेले मासे अतिथंड केलेल्या धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये दाबायचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी उष्णता झपाट्याने निघून जाते. हीट ट्रान्सफरच्या पेपरात आपण लिहितो तेच कंडक्शन! पाकिटाची जाडी दुप्पट झाली तर गोठायला लागणारा वेळ चौपटीच्या जवळ जाऊ शकतो. म्हणून पाकीट चपटं हवं.

१९२९ मध्ये त्याची कंपनी आणि पेटंट मिळून २ कोटी २० लाख डॉलरला विकले गेले. ६ मार्च १९३० रोजी स्प्रिंगफील्डमधल्या १८ दुकानांत गोठवलेलं मांस, मासे, भाज्या आणि फळं विक्रीला आली. पण नुसतं गोठवून भागत नव्हतं. दुकानात थंड कपाट हवं, रेल्वेचा डबा थंड हवा, घरातही फ्रीजर हवा. साखळीतली एक कडी तुटली की सगळं फुकट. ती साखळी जुळायला पुढे बरीच वर्षं लागली. बर्ड्सआय मात्र नवनवीन प्रयोगच करत राहिला. उसाच्या चिपाडापासून कागद बनवण्याच्या कामासाठी तो उतारवयात पेरूलाही जाऊन आला. ७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कला त्याचं निधन झालं.

आता आमच्या घरचं. मेच्या उन्हात गच्चीवर कुरड्या, पापड वाळवणाऱ्या मेहकरला अन्न टिकवणं नवीन नाही. तिथे पाणी काढून टाकायचं, इथे ते गोठवून अडकवायचं, एवढाच फरक. यंदा संक्रांतीला घरी गेलो तेव्हा मायलेकांनी मिळून सोले दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकले, म्हणजे रंग-चव बिघडवणारी एन्झाइम थंडावतात. लगेच गार पाण्यात घातले, फडक्यावर कोरडे केले आणि ताटात एकेरी थर पसरून गोठवले. मग एका वेळेपुरती चपटी पाकिटं करून वर तारीख घातली. वाटणही आता डब्यात नाही, चपट्या पाकिटात, आणि पूर्ण गार झाल्यावरच. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही, कारण थंडीने जंतू मरत नाहीत, फक्त वाढ थांबते. आणि लाइट गेली तर फ्रीजरचं दार उघडायचं नाही! घरचा फ्रीजर काही उणे ४० चा नाही, उणे १८ वरच भागवावं लागतं. म्हणून थर पातळ ठेवणं एवढंच आपल्या हातात.

पाकिटं मेहकरला वाट बघताहेत. निकाल मे महिन्यात... सेमिस्टरचाही आणि सोल्यांचाही!