विश्लेषण : कॅम्पर व्हॅनमधल्या शौचालयाची दुर्गंधी माती कशी रोखते? हेन्री मोल यांनी १८५९ मध्ये काय शोधले?

गाडीतच झोपायचे, गाडीतच चहा करायचा, हे फोटोत छान दिसते. पण कॅम्पर व्हॅनमध्ये दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न उभा राहतो तो शौचालयाचा. बंद गाडी, ऊन आणि बेडपासून दोन हातांवर मैल्याची टाकी. काही जण टाकीत रसायन घालतात. काही जण पाण्याशिवाय चालणारे कोरडे शौचालय वापरतात. या दुसऱ्या पद्धतीमागची कल्पना दीडशेहून अधिक वर्षे जुनी आहे आणि ती एका इंग्रज धर्मगुरूची आहे.

कोण होते हेन्री मोल?

जन्म १८०१, इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या मेल्कशॅमचा. शिक्षण केंब्रिजमध्ये. १८२९ मध्ये ते डॉर्चेस्टरलगतच्या फोर्डिंग्टन येथे धर्मगुरू म्हणून आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. स्वभाव कडक. गावातल्या घोड्यांच्या शर्यतींना त्यांनी विरोध केला, त्यामुळे सुरुवातीला लोकांचा रोषही ओढवून घेतला. कादंबरीकार थॉमस हार्डी यांचे मित्र होरेस मोल हे त्यांचे पुत्र.

पटकीने काय बदलले?

फोर्डिंग्टनची गरीब वस्ती दाटीवाटीची होती. सांडपाणी आणि मैला घरांच्या आसपासच साचत असे. १८४९ आणि १८५४ मध्ये तिथे पटकीची (कॉलरा) साथ आली. मोल घरोघर फिरून रुग्णांची सेवा करत राहिले. वस्तीची जमीन राजघराण्याच्या डची ऑफ कॉर्नवॉलची होती. म्हणून त्यांनी थेट राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांना आठ पत्रे लिहिली. एका साध्या धर्मगुरूने राजघराण्याला घरमालकाची जबाबदारी सुनवावी, हे त्या काळी धाडसच होते.

शोध कसा लागला?

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनची संसदही हैराण झाली. पुढच्याच वर्षी मोल यांनी स्वतःच्या घरचा मैल्याचा खड्डा बुजवला आणि कुटुंबाला बादली वापरायला सांगितले. सुरुवातीला बादलीतला मैला बागेत चर खणून पुरला जाई. तीन-चार आठवड्यांनी तीच जागा उकरली, तर मैल्याचा मागमूस नव्हता. मग त्यांनी कोरडी, चाळलेली माती थेट बादलीतच टाकून पाहिली. वास येईना. तीच माती वाळवून पुन्हा वापरता येते, हेही लक्षात आले.

१८६० मध्ये जेम्स बॅनेर यांच्यासह त्यांनी पेटंट घेतले. रचना सोपी होती. बैठकीच्या मागे मातीची पेटी, खाली बादली. दांडी ओढली की ठरावीक माती मैल्यावर पडे. पाणी नको, नळ नको. १८६८ मध्ये विम्बल्डनच्या स्वयंसेवक सैनिकांच्या छावणीत सुमारे दोन हजार माणसांनी ही शौचालये वापरली आणि दुर्गंधीची तक्रार नव्हती, अशी नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आहे.

यामागचे विज्ञान काय?

मैला ओला राहिला आणि हवा मिळाली नाही, की तो सडतो. त्यात लघवी मिसळली की युरियापासून अमोनिया तयार होतो, नाक चुरचुरते ते त्यामुळे. कोरडी माती ओलावा शोषते, वायू धरून ठेवते आणि तिच्यातले जिवाणू विघटन करतात. आजच्या व्हॅनमधल्या कोरड्या शौचालयात लघवी वेगळ्या डब्यात जाते. मातीऐवजी अनेकदा लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा असतो. तत्त्व मोल यांचेच.

भारतात काय झाले?

ब्रिटिश भारतात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, तुरुंगांतही. पण मोल यांच्या घरी बादली घरच्याच बागेत रिकामी होई. आपल्याकडे कोरड्या शौचालयातला मैला उचलण्याचे काम जातीच्या नावाने ठरावीक माणसांच्या डोक्यावर आले. पुढे १९९३ मध्ये अशा शौचालयांवर आणि २०१३ मध्ये हाताने मैला उचलायला लावण्याच्या प्रथेवर कायद्याने बंदी घालावी लागली. तंत्रातला हा प्रश्न, बादली उचलणार कोण, मोल यांच्या यंत्राने सोडवलेला नव्हता. इंग्लंडच्या शहरांतही हजारो घरांना कोरडी माती पुरवणे आणि वापरलेली परत नेणे जड गेले. फ्लश आणि भुयारी गटारे जिंकली. मोल यांचे १८८० मध्ये फोर्डिंग्टनमध्येच निधन झाले.

प्रवाशांनी काय लक्षात ठेवावे?

मोल यांना वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटे. ते पूर्ण खरे नाही. जंताची अंडी मातीत अनेक महिने तग धरतात. त्यामुळे व्हॅनमधला ताजा मैला ओढ्याकाठी किंवा शेताच्या बांधावर टाकू नये, भाजीच्या वाफ्यात तर नाहीच. लघवीचा डबा रोज रिकामा करावा, दर वापरानंतर मैला भुशाने पूर्ण झाकावा आणि भुसा आधी उन्हात वाळवून घ्यावा. रसायनाची टाकी असेल, तर ती त्यासाठी नेमलेल्या जागीच रिकामी करावी. ते रसायन घराच्या सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू मारू शकते.